चौगुले मॅडमचं 'न्हाय'

पहिल्या दिवशी चौगुले मॅडमनी मला नाव विचारलं नाही. "हात बघू," म्हणाल्या. मला वाटलं, नखं तपासतायत. त्यांनी माझा तळवा आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, क्षणभर थांबल्या आणि सोडून दिला.

"गरम हायत. कुठली गं तू?"

"कबनूरची. इचलकरंजीच्या जवळ..."

"म्हाईत हाय मला कबनूर कुठं हाय ते. ऐक कबनूर, गरम हाताच्या माणसानं नळी बुडाला धरायची न्हाय. टोपणाला धरायची, चिमटीत. बर्फातनं काढली की काम, काम झालं की परत बर्फात. मधे गप्पा न्हाईत. चल."

आणि मी 'कुठे' म्हणेपर्यंत त्या दाराबाहेर गेल्यासुद्धा. पुढची साडेतीन वर्षं, माझं संशोधन तिथं चाललं तोवर, मी त्यांच्या मागून चालत होते. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, हजेरीपटावर त्याच ते लिहायच्या. हाक मात्र शेवटपर्यंत कबनूर.

आमचं कॉलेज कोल्हापुरातलं. जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. मॅडम तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या असतील. बुटक्या, काटक, सुती ड्रेसवर पांढरा अ‍ॅप्रन, पायात कॅनव्हासचे बूट. चौदा वर्षं तिथंच तंत्रज्ञ म्हणून काढल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. त्यामुळे प्राध्यापक त्यांना तंत्रज्ञ समजायचे आणि तंत्रज्ञ त्यांना मॅडम समजायचे. त्या दोन्हीकडच्या होत्या आणि कुठल्याच खोलीत दोन मिनिटांच्या वर थांबत नव्हत्या. पाच मिनिटांचा टायमर लावला की खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा पाच मिनिटं चालत राहायच्या. चहा उभ्याने. डबा उभ्याने. फोनवर बोलताना तर जिन्याचे दोन मजले खाली उतरून पुन्हा वर.

कोल्हापूरच्या बऱ्याच बायका बोलतात तसं त्या 'मी जातो', 'मी बघतो' असंच बोलायच्या. पुण्याहून परीक्षक म्हणून आलेल्या एका बाईंनी हसत विचारलं होतं, "तुम्ही पुरुषासारखं का हो बोलता?" मॅडम म्हणाल्या, "मी कोल्हापूरसारखं बोलतो." आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेल्या.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणी म्हणालं, अमुक काढा घेतला आणि तीन दिवसांत सर्दी गेली, की त्या विचारायच्या, "न घेतलेल्याची किती दिवसांत गेली?" कुणी म्हणालं, ह्या क्लासमुळे पोरगा पास झाला, तर "क्लास न लावलेली किती पोरं पास झाली?" लोक वैतागायचे. त्यांना वैताग द्यायचा नसायचा, त्यांना खरंच उत्तर हवं असायचं.

आमच्या प्रयोगशाळेत जे काही चालायचं ते एका एन्झाइमभोवती. माणसाच्या शरीरात प्रथिनं कापणारी पुष्कळ एन्झाइम असतात, त्यातलं ते एक. जखम झाली की खराब झालेला भाग कापून ते नव्या मांसाला वाट करून देतं. पण मधुमेहाच्या जुन्या जखमेत ते थांबतच नाही. नव्याने धरू पाहणारं मांसही कापत सुटतं आणि जखम उघडीच राहते. त्याला आवर घालणारं काहीतरी मॅडमना शोधायचं होतं. का, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विभागात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे वडील उचगावचे, फाउंड्रीत साचे भरणारे मोल्डर. पायाच्या जखमेनं गेले. आधी बोट कापलं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली सगळं.

हे एन्झाइम बाहेरून मागवावं लागायचं. एवढीशी नळी, तिच्याभोवती थर्माकोलचा डबा आणि कोरडा बर्फ. एकदा कुरिअर कंपनीचा फोन आला की पार्सल आलंय पण पोचवता येणार नाही, येऊन बोला. दुपारी एकचं ऊन. मॅडमनी स्कूटर काढली, मी मागे. जाऊन बघतो तर डबा दुकानाबाहेर पायरीवर ठेवलेला, आणि काउंटरवरचा माणूस त्याच्यापासून चार हात लांब.

"पावणं, उन्हात कशापायी ठेवलाय?" मॅडमनी आवाज चढवला.

"बाई, त्याच्यावर ह्यूमन लिवलंय. माणसाचं काय हाय ते आत? आमची पोरं हात लावंनात."

मॅडमनी आधी डबा उचलून सावलीत घेतला. फट करून आत डोकावलं, बर्फ शिल्लक आहे बघितलं, आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडला.

"माणसाचं आत काय न्हाय. तांबडा रस्सा कुठला?"

"कोल्हापूरचा की."

"आन् पुण्याच्या हाटेलात मिळतो तो?"

"तो बी कोल्हापुरीच म्हणून विकत्यात."

"तसंच हे. कृती माणसाची, रांधलंय दुसऱ्याच पेशींनी, भांड्यात. माणसाला कुणी हात लावल्याला न्हाय."

तो माणूस विचारात पडला. "पण बाई, पुण्याचा रस्सा आपल्यासारखा लागत न्हाय."

"म्हणून तर जाऊन पहिलं चव घेतो मी," मॅडम म्हणाल्या. येताना स्कूटरवर त्या मला तीनदा म्हणाल्या, "त्यानं बरोबर विचारलं गं. बरोबर विचारलं."

आल्या आल्या त्यांनी तेच केलं. नळी बर्फावर हळूहळू वितळू दिली, एकदा हलकेच फिरवून टोपणाला लागलेला थेंब खाली आणला आणि ते सगळं वीस छोट्या नळ्यांत वाटून टाकलं. एका नळीत एका दिवसापुरतं. "एकदा वितळवलं की वापरायचं. उरलं तर टाकायचं. परत गोठवायचं न्हाय, कितीबी जीव तुटू दे." एकोणीस नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये गेल्या आणि विसावी त्यांनी चव बघायला, म्हणजे तिचा जोर तपासायला घेतली.

ते एन्झाइम झोपलेलं यायचं. त्याला जागं करायला एक रसायन घालून दिवसभर अंगाच्या उबेत ठेवावं लागे. त्या रसायनात पारा. त्यासाठी मॅडम हातमोज्यांवर हातमोजे घालायला लावायच्या, आणि ते पाणी एका वेगळ्या बाटलीत जमा व्हायचं, जिच्यावर त्यांनी लाल शाईनं 'बेसिनमध्ये ओतणाऱ्याला मी ओतीन' असं लिहून ठेवलं होतं. मी एकदा घाईत त्या पाण्याची वाटी बेसिनकडे नेली. त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून येऊन माझं मनगट पकडलं. "कुठं जातंय हे? पंचगंगेला. आन् तुमची इचलकरंजी पाणी कुठलं पिती?" मनगट दोन दिवस दुखत होतं.

एकदा जागं झालं की त्या एन्झाइमला लगेच काम द्यावं लागे. समोर कापायला काही नसेल तर ते एकमेकांना कापू लागतं आणि संध्याकाळपर्यंत नळीत कामाचं काहीच उरत नाही. मॅडम म्हणायच्या, "रिकामं बसलं की सवताला खातंय." विभागातले लोक हे ऐकून एकमेकांकडे बघायचे.

पुराच्या एका वर्षी चार दिवस शहराची वीज गेली. कॉलेज उंचावर, पाणी आलं नाही. पण जनरेटरचं डिझेल दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं आणि महामार्ग बंद, नवं यायला वाट नाही. फ्रीजरच्या पट्टीवरचा आकडा मॅडम दर दहा मिनिटांनी मोठ्यानं वाचत होत्या. उणे एकाहत्तर. उणे चौसष्ट. मी म्हटलं, बर्फ आणूया कुठून तरी. "साध्या बर्फानं काय हुतंय," म्हणाल्या आणि जिना उतरता उतरता कुणालातरी फोन लावला.

तासाभरात त्यांचा चुलतभाऊ सदाभाऊ मोटरसायकलवर आला. मागे बांधलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पिंप. तो गावोगाव जाऊन म्हशी भरवण्याचं काम करायचा. त्या पिंपात द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या रेड्याच्या वीर्याच्या कांड्या. उणे ऐंशी काय, त्याच्या दुपटीहून थंड.

"शैलाक्का, ह्यात मुऱ्हा रेड्याचं हाय. मिसळलं म्हंजे?"

"मिसळत न्हाय. तुझं खाली बुडल्यालं, माझं वर वाफेत लटकणार. फडक्यात बांधून देतो."

"आन् चुकून म्हशीला गेलं तर?"

"तर रेडकू प्राध्यापक हुईल. बांध."

नळ्या फडक्यात बांधताना त्यांनी दोन बाजूला काढल्या आणि त्या तशाच तापत्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. मला कळेना. चार दिवस त्या सकाळ-संध्याकाळ सदाभाऊच्या घरी जाऊन पिंपात काठी घालून नायट्रोजनची पातळी बघत होत्या. वीज आल्यावर दोन्हीकडच्या नळ्या तपासल्या. फ्रीजरमधल्या दोन अर्ध्याहून जास्त मेल्या होत्या. पिंपातल्या जशाच्या तशा. "आता म्हणता येतं," मॅडम म्हणाल्या, "म्हशींच्या मालानं वाचवलं म्हणून. दोन नळ्या मरू दिल्या नसत्या तर नुसतंच वाटलं असतं."

एवढी काळजी घेणारी ही बाई. म्हणून पुढचं सांगताना मला अजूनही आत काहीतरी टोचत राहतं.

राधानगरीच्या बाजूच्या जंगलातली एक वेल. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, उगाच पुन्हा कुणी शोधायला जायचं. तिच्या पाल्याचा तांबूस अर्क एन्झाइमबरोबर घातला की मोजणी धाडकन खाली यायची. आमची मोजणी उजेडावर चालायची. एन्झाइमला कापायला जो तुकडा द्यायचा तो असा बनवलेला असतो, की तो कापला गेला की उजळतो. जास्त उजेड म्हणजे एन्झाइम जोरात, कमी उजेड म्हणजे एन्झाइम थंड. वेलीचा अर्क घातला की जवळजवळ अंधार. मॅडमनी अकरा वेळा करून बघितलं. अकरा वेळा तेच. विभागप्रमुख सर, जे त्यांचे मार्गदर्शकही होते, त्यांना हे अकरा आलेख दाखवले तेव्हा सर उठून उभे राहिले.

लेख लिहिला गेला, एका नियतकालिकानं स्वीकारलाही. सरांच्या ओळखीच्या कुणीतरी स्थानिक वर्तमानपत्राला बातमी दिली. मॅडमचा अ‍ॅप्रनमधला फोटो आणि खाली, मधुमेहाच्या जखमेवर वेलीचा उपाय, उचगावच्या कन्येचा शोध. वेलीचं नावही छापलेलं. मॅडम दिवसभर तो अंक हातात घेऊन फिरत होत्या. "मी उपाय म्हणालो न्हाय. मी नळीत आवरतंय म्हणालो." त्यांनी वर्तमानपत्राला दोनदा फोन केला. बातमी चांगली आली आहे, काळजी करू नका, असं उत्तर मिळालं. उचगावात मात्र त्यांच्या आईनं पेढे वाटले, आणि वडिलांच्या फोटोला हार घातला.

त्यानंतर महिनाभरानं माझ्या हातून चूक झाली. बारक्या खळग्यांच्या ओळी असलेल्या एका प्लेटमध्ये शेवटच्या ओळीत अर्क घालायचा मी विसरले. तासाभरानं मोजणी घेतली तर ती ओळ लख्ख उजळलेली. मॅडम खाली ग्रंथालयात होत्या. मी घाबरून त्या ओळीत तेव्हाच अर्क टाकला आणि प्लेट पुन्हा उजेड मोजायच्या मशीनमध्ये सारली. आकडे इतर ओळींइतके खाली आले, ताबडतोब. सुटले, असं वाटलं.

हात धुताना मात्र सुटल्यासारखं वाटेना. तासभर एन्झाइमनं आपलं काम करून ठेवलं होतं. जे कापलं गेलं ते कापलं गेलं, ते पुन्हा जुळत नाही. मग उजेड गेला कुठे? मला अर्धं कळलं, आणि अर्धं कळू नये असं वाटलं. प्लेट कचऱ्याच्या पिशवीत टाकायला मी हात पुढे केला होता, तेवढ्यात मॅडम आल्या.

"काय गं? तोंड का उतरलंय?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "परत सांग. सावकाश." मी परत सांगितलं. मॅडमनी माझ्यामागचं स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

"उजेडच गिळतोय तो," शेवटी त्या म्हणाल्या. "अर्क रंगीत हाय. एन्झाइमला काय करत न्हाय. ते आपलं कापतंय, आपल्याला दिसंना झालंय." मग उठल्या. "सगळ्या दुनियेला विचारत फिरतो मी, न घेतलेल्याचं काय. आन् कापून झालेल्यावर अर्क टाकून बघायचं मला सुचलं न्हाय. अकरा वेळा केलं कबनूर. अकरा वेळा तेच चुकीचं केलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजेडाचा संबंध नसलेला प्रयोग लावला. जुन्या काळ्या एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, आणि हे एन्झाइम जिलेटिन कापतं. फिल्मच्या पट्टीवर नुसत्या एन्झाइमचा थेंब, शेजारी अर्क घातलेल्याचा, शेजारी नुसत्या पाण्याचा. रात्रभर उबेत ठेवून सकाळी नळाखाली धुवायचं. जिथं थर कापला गेला तिथं फिल्म फिकट होते. पट्ट्या त्यांनी घरून आणलेल्या एक्स-रेच्या होत्या. कुणाचा, ते मी विचारलं नाही. दोन पट्ट्यांवर पायाची बोटं दिसत होती.

सकाळी पट्ट्या धुतल्या. अर्कासह आणि अर्काशिवाय, दोन्ही डाग सारखेच फिकट. फक्त पाण्याचा डाग काळाच राहिला होता. मॅडमनी त्या खिडकीच्या काचेला लावून किती वेळ बघितल्या. एन्झाइमला कुणीच थांबवलं नव्हतं.

त्याच दुपारी त्या सरांच्या खोलीत गेल्या. पट्ट्या माझ्या हातात होत्या म्हणून मीही गेले. सरांनी त्या बघितल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शैलजा, लेख स्वीकारलाय त्यांनी. आता काय सांगायचं?"

"चुकलं म्हणून सांगायचं."

"सगळंच चुकलं नसेल गं. थोडाफार परिणाम असेल. पुढील संशोधनाची गरज आहे, असं एक वाक्य घालू. सगळेच घालतात."

"सर, उचगावात लोक पाला वाटून जखमेला लावाय लागल्यात. आईनं काल सांगितलं."

सरांनी पट्ट्या टेबलावर पालथ्या ठेवल्या. मग म्हणाले, "आपण नाही सांगितलं त्यांना तसं."

"आपला फोटू सांगतोय की."

"तुझी पाच वर्षं आहेत ह्यात. मुदत संपत आलीय. नवीन विषयाला आता कोण वाढवून देणार?"

"ती गेलीच सर. सही करा."

सरांनी त्या दिवशी सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली. लेख मागे घेतल्याचं पत्र गेलं. सरांना मी वाईट म्हणणार नाही. ते तीन दिवस त्यांच्याही तोंडचं पाणी पळालेलं होतं.

मॅडमनी मात्र सहीची वाट बघितली नव्हती. मधल्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, "उचगावात ये. एकटीला हिय्या हुईना." मी गेले. वर्तमानपत्राचं ते कात्रण हातात घेऊन आम्ही घरोघर फिरलो. ज्याच्या घरी साखरेचा आजार, ते दार. प्रत्येक दारात मॅडमचं तेच वाक्य. "ह्यात छापलंय ते चुकलंय. माझंच चुकलंय. पाला लावू नका, लावला असंल तर धुवा, दवाखान्यात दाखवा."

एक बाई म्हणाली, "आमच्या ह्यांना तर गुण आला की." मॅडमनी तोंड उघडलं, आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न न विचारताच मिटलं. एकजण म्हणाला, "डॉक्टर लोकांनी दाबलं असंल तुला." आणखी एक म्हातारा कट्ट्यावरूनच ओरडला, "फोटू आला तवा पेढं वाटलंसा, आन् आता न्हाय म्हणतीस व्हय?"

"व्हय आज्जा. आता न्हाय म्हणतो."

अकराच्या सुमाराला आम्ही शामराव तात्यांच्या घरी पोचलो. तात्या म्हणजे मॅडमच्या वडिलांचे फाउंड्रीतले सोबती, एकाच पाळीतले. दारातच वास आला. तात्या खाटेवर, उजव्या पायाला धोतराच्या फडक्याची पट्टी, तिच्या कडेनं वाळलेला पाला बाहेर आलेला. काकू पाणी आणायला आत वळल्या आणि म्हणाल्या, "तीन आठवडं झालं, पट्टी करायला जात न्हाईत. म्हणत्यात, शैलाचं औषध हाय, मला दवाखाना नगं."

मॅडम खाली बसल्या. खिशातून हातमोजे काढून घातले आणि पट्टी सोडायला लागल्या. त्या प्रयोगशाळेत नळी हाताळायच्या तितक्याच हळू. तात्या कौतुकानं बघत होते.

"तुझ्या बाला हे मिळालं असतं," तात्या म्हणाले, "तर वाचला असता बघ."

पट्टी सुटली. दोन बोटं काळी पडली होती.

"तात्या, ह्यानं काय हुत न्हाय. माझं चुकलंय. आत्ता उठायचं, दवाखान्यात."

"अगं पण पेपरात..."

"पेपरात मीच हाय न्हवं? मग मीच सांगतोय. खोटं हाय ते."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, जुन्या ओळखीच्या माणसाचा चेहरा पुन्हा नीट बघावा तसं. मग म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून लावलं. आता तूच सांगतीस म्हणून सोडतो. पण पोरी, ह्यो पाय आता कुणाचं ऐकंल?"

मॅडमनी सदाभाऊला फोन लावला. सदाभाऊनं रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघून दोघींना बाहेर काढलं. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं आणि पावलाचा पुढचा भाग गेला. बाकी पाय राहिला, तात्याही राहिले. पण ते सगळं व्हायच्या आधी अख्खी दुपार मॅडम त्या लांब बोळातून नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. नर्स दोनदा म्हणाली, बाई, बसा. त्यांना ऐकूच गेलं नाही. एकदा माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"कबनूर, ती प्लेट तू टाकून दिली असतीस तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "मी टाकणारच होते मॅडम," मी म्हटलं. "हात पुढं केला होता."

"म्हाईत हाय. दारातनं बघितलंतं मी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालायला लागल्या.

पुढे तात्या काठी घेऊन चालायला लागले. मॅडम दर आठवड्याला त्यांची साखर तपासायला जायच्या. काकू पहिले काही महिने त्यांच्याशी बोलत नव्हत्या. चहाचा कप मात्र पुढे ठेवायच्या. मॅडम तो उभ्यानं प्यायच्या आणि निघायच्या. त्यांची पीएच.डी.ची मुदत संपली. सरांनी वाढवून मागितली, पण मिळाली नाही. सर निवृत्त झाले. वेलीचे उरलेले अर्क मॅडमनी स्वतः नष्ट केले, यादीवर एकेक खूण करत. प्रयोगशाळेत त्यांचा आवाज पूर्वीसारखाच चढा होता. फक्त अधूनमधून कुणाशी बोलता बोलता मधेच थांबायच्या आणि खिडकीच्या काचेकडे बघायच्या, तिथं आता काही लावलेलं नसताना.

मी दुसऱ्या विषयावर माझं काम पुरं केलं आणि हैदराबादला नोकरी धरली. निघताना भेटायला गेले तेव्हा त्या कुणाशीतरी फोनवर भांडत जिना उतरत होत्या. हातानंच मला 'जा, जा' केलं. फोनवर माझं-त्यांचं बोलणं सणावारी व्हायचं, तेही मिनिटभर.

गेल्या वर्षी एका दाखल्यासाठी कॉलेजात गेले होते. कार्यालयात रांग होती, म्हणून वर चक्कर मारली. प्रॅक्टिकलच्या हॉलमधून मॅडमचा आवाज येत होता. दार अर्धं उघडं होतं. पहिल्या वर्षाची चाळीसेक पोरं-पोरी, नवेकोरे अ‍ॅप्रन, घड्यासुद्धा न मोडलेले. मॅडमनी फळ्यावर एक आलेख काढला होता. उजवीकडे धाडकन खाली येणारी रेघ. मी तो आलेख अकरा वेळा बघितला होता. त्याच्याखाली त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: शैलजा चौगुले, उचगाव.

"हा माझा," त्या पोरांना सांगत होत्या. "वर्तमानपत्रात आलता. ह्याच्यापायी एका माणसाचं अर्धं पाऊल गेलंय, ते मी दर आठवड्याला बघतो. आता सांगा, ह्यात काय करायचं राहिलंय?"

एकानं हळूच विचारलं, "मॅडम, उत्तर काय यायला पाहिजे?"

"ते मला विचारू नगंस. फळ्याकडं बघ."

त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. त्या दोन बाकांच्या मधल्या वाटेनं जात होत्या, येत होत्या. मी आत जाणार होते. मग म्हटलं, नको, आत्ता नको. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका बारक्या मुलीनं हात वर केला, अर्धाच, चुकलं तर खाली घेता येईल इतपत. ती अजून उभी राहत होती, आणि मॅडम तिच्या बाकापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या.